गॉटिंगेनची हुंडी

फ्रांकफुर्टहून उत्तरेस निघालेली जलद आगगाडी सुमारे दोन तासांत गॉटिंगेनास पोहोचते. लायने नावाच्या लहानशा नदीच्या काठी वसलेले हे विद्यापीठाचे गाव. वस्ती लाखावर असली तरी जुना भाग इतका आटोपशीर आहे की, सकाळी चहा घेऊन निघालेल्या माणसाने त्यास सावकाश प्रदक्षिणा घालून दहाच्या आत घरी परतावे. जुन्या तटाचा आता मातीचा उंचवटाच काय तो राहिला असून त्याच्या माथ्यावरून झाडांच्या सावलीत फिरण्याची सुरेख वाट केलेली आहे. वाटेत एक ठेंगणी गोल इमारत लागते. पुढे जर्मनीचा कर्ता पुरुष म्हणून गाजलेला बिस्मार्क १८३३ साली विद्यार्थिदशेत येथे राहत होता. दांडगाईमुळे त्यास गावात राहण्याची मनाई झाली होती, आणि देणीही बरीच झाली होती. परगावी शिकावयास गेलेल्या मुलाच्या खिशाची चिंता घरच्यांनी करावी, ही रीत केवळ आपल्याकडचीच नाही, एवढे समाधान हे घर पाहून वाटते.

पुणे आणि गॉटिंगेन यांचे नाते जुने आहे. डेक्कन कॉलेजात पंधरा वर्षे संस्कृत शिकवून १८८१ साली मायदेशी परतलेले फ्रान्झ कीलहॉर्न पुढच्याच वर्षी या विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १९०८ साली मृत्यू येईपर्यंत येथेच राहिले. पातंजल महाभाष्याची त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती आपल्याकडील शास्त्रीमंडळींच्या घरांतही मानाने ठेवलेली असे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांस याच विद्यापीठाने १८८५ साली सन्मान्य पदवी दिली. त्या काळी या वाटेने ग्रंथ आणि पदव्या जात-येत. आता मुले जातात. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ४९ हजारांवर गेली होती, आणि परदेशी विद्यार्थ्यांत ती सर्वांहून मोठी होती. आमची पुतणी त्यांपैकीच एक. २०२४ च्या आश्विन-कार्तिकात आम्ही उभयतां तिच्याकडे दोन महिने राहिलो. या मुलांच्या अभ्यासाविषयी घरोघर पुष्कळ बोलले जाते. त्यांचा पैसा घरून कसा निघतो, वाटेत त्याचे काय होते आणि तेथे तो कसा पुरतो, याविषयी मात्र फारसे कोणी सांगत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

या विषयास गॉटिंगेनइतके योग्य गाव दुसरे नसेल. नगरपालिकेच्या हमीवर उभ्या राहिलेल्या जर्मनीतील अगदी पहिल्या बचतपेढ्यांपैकी एक येथे १८०१ साली निघाली. त्याच वर्षी कार्ल फ्रीडरिश गाउस या गणितज्ञाचा अंकशास्त्रावरील प्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला. तो येथेच शिकला होता, आणि पुढे येथील वेधशाळेचा प्रमुख होऊन जन्मभर येथेच राहिला. १८३३ साली गाउस आणि त्याचा मित्र, पदार्थविज्ञानवेत्ता वेबर, या दोघांनी वेधशाळेपासून प्रयोगशाळेपर्यंत गावच्या घरांवरून आणि योहानिस देवळाच्या मनोऱ्यांवरून सुमारे एक किलोमीटर तार ओढली व विजेच्या साह्याने एकमेकांस निरोप धाडले. तटाजवळ दोघांचा पुतळा आहे, एक बसलेला व एक उभा. आपल्याकडील बँकेत परदेशी पैसे पाठवावयास गेले असता आजही जो भाव सांगतात त्यास 'टी.टी.'चा भाव म्हणतात, म्हणजे तारेने पैसे पाठवण्याचा भाव. तार केव्हाच गेली, तिचे नाव मात्र खिडकीवर राहिले आहे. पुढे १९९१ पासून मार्क हे चलन बंद होईपर्यंत जर्मनीच्या दहा मार्कांच्या नोटेवर गाउसचे चित्र असे आणि त्याच्या पाठीशी गॉटिंगेनच्या जुन्या इमारती. प्राध्यापकांच्या विधवांसाठी असलेल्या निधीचा ताळा पाहण्याचे कामही या थोर गणितज्ञाने उतारवयात कित्येक वर्षे केले, आणि स्वतःचे पैसे रोख्यांत विचारपूर्वक गुंतवून बरीच शिल्लक मागे ठेवली. मोठ्या बुद्धीस घरच्या हिशेबाचे वावडे असते, असे मानणाऱ्या आपल्या काही विद्वानांस हे कळवावेसे वाटते.

असो. जर्मनीस निघालेल्या विद्यार्थ्यास प्रथम तोंड द्यावे लागते ते बंद खात्यास. वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम आधी अशा खात्यात भरावी, तिचा दाखला वकिलातीत दाखवावा, मग व्हिसाचा विचार होतो. २०२२ अखेरपर्यंत ही रक्कम १०,३३२ युरो होती; २०२३ च्या आरंभी ती ११,२०८ झाली आणि २०२४ च्या सप्टेंबरात ११,९०४ वर गेली. तेव्हा थोरल्या भावाच्या वेळचा आकडा धाकट्यास सांगू नये. त्या त्या वेळी वकिलातीचे पत्रकच पाहावे. विद्यार्थी तेथे पोहोचला, राहत्या पत्त्याची नगरकचेरीत नोंद झाली आणि त्याने तेथे चालू खाते उघडले, म्हणजे या बंद खात्यातून दरमहा बारावा हिस्सा, म्हणजे ९९२ युरो, त्या खात्यात येऊ लागतो. उरलेल्या रकमेस त्याला हात लावता येत नाही. आजोबांनी वर्षाचा खाऊ कपाटात ठेवून दर पहिल्या तारखेस एक पुडी काढून द्यावी, तसाच हा प्रकार. जर्मन सरकारने हे स्वतःच्या निश्चिंतीसाठी केले आहे हे उघड आहे, तथापि एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांचे पालक मनातून त्याचे आभार मानीत असतील.

कठीण गोष्ट ही की, हे सर्व व्हिसाच्या आधी करावयाचे असते. मुलगा अजून घरीच आहे, पारपत्रावर शिक्का नाही, आणि घरचे दहा-बारा लाख रुपये मात्र समुद्रापलीकडे गेलेले आहेत, असे काही आठवडे प्रत्येक घरात जातात. व्हिसा नाकारला गेल्यास रक्कम परत येते. पण जाताना एका भावाने गेलेली ती येताना दुसऱ्या भावाने येते, आणि दोन्ही वेळा मधल्यांची दलाली कापली जाते.

सातारकडील एका कुटुंबाची हकीकत पुतणीच्या मैत्रिणीने आम्हांस सांगितली. ही मैत्रीण त्याच घरची. वडील शाळेतून निवृत्त झालेले. मुदतठेवी मोडल्या, आईने पाटल्या तारण ठेवल्या, आणि बरोबर ११,९०४ युरो पाठवले. एक पैसा कमी नाही, एक पैसा अधिक नाही. हिशेबी माणसाचे काम. पोहोचले मात्र ११,८८६. अठरा युरोंचा फरक. खाते ठेवणाऱ्यांनी कळवले की, रक्कम पुरी झाल्यावाचून दाखला मिळणार नाही. वकिलातीतील भेटीस नऊ दिवस उरले होते. ती तारीख गेली तर पुढची केव्हा मिळेल याचा नेम नव्हता, आणि तिकडे सत्र सुरू होऊन गेले असते. वडिलांनी अठराच्या जागी पंचवीस युरो पुन्हा धाडले. त्या पंचवीस युरोंवर बँकेचा आकार त्यांच्याहून अधिक पडला. दाखला भेटीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आला. मुलगी म्हणाली, "त्या आठवड्यात बाबा एकदाही मोठ्याने बोलले नाहीत."

ते अठरा युरो कोणी चोरले नव्हते. पैसा परदेशी जातो म्हणजे काय होते, हे समजून घेतले म्हणजे ते कोठे गेले याचा उलगडा होतो.

आपल्या पणजोबांस हुंडी ठाऊक होती. पुण्याच्या पेढीवर रुपये भरावे, सावकाराने काशीच्या आपल्या आडत्याच्या नावे चिठ्ठी लिहावी, ती तेथे दाखवून यात्रेकरूने रोकड उचलावी. रुपयांची थैली पुण्यातच राही. प्रवास करी ती चिठ्ठी. दोन्ही सावकारांचा हिशेब मागाहून आपसांत फिटे. आजही यात तत्त्वतः फरक पडलेला नाही. 'स्विफ्ट' नावाची जी व्यवस्था सर्व बँकांच्या तोंडी असते ती १९७३ साली बेल्जममध्ये स्थापन झाली आणि १९७७ पासून चालू झाली. ती पैसे नेत नाही, निरोप नेते. आपल्या बँकेचे परदेशातील एखाद्या मोठ्या बँकेत खाते असते. "आमच्या खात्यातून इतके युरो अमक्याच्या खात्यात घालावे" असा निरोप जातो, आणि ती बँक आपल्या वहीत एकाच्या नावे लिहून दुसऱ्याकडे जमा करते. पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या बँकांची थेट ओळख नसेल तर मध्ये आणखी एक आडत्या येतो. हा आडत्या आपली दस्तुरी रकमेतूनच कापून घेतो. सातारकरांचे अठरा युरो तेथे गेले.

यावर उपाय बँकेच्या अर्जातच छापलेला असतो, परंतु तो वाचण्याची तसदी कोणी घेत नाही. पाठवणीचा खर्च कोणी सोसावयाचा, याचे तीन पर्याय तेथे दिलेले असतात. सर्व खर्च पाठवणाऱ्याचा, सर्व घेणाऱ्याचा, किंवा दोघांनी आपापला. तिसऱ्या पर्यायात आपण आपल्या बँकेचा आकार दिला तरी मधल्याची दस्तुरी रकमेतून कापली जाते. बंद खात्यासाठी पहिलाच पर्याय निवडावा, आणि त्याउपर पन्नासएक युरो अधिक पाठवावे. अधिक गेलेले बुडत नाहीत. खिडकीवरील कारकून घाईत असेल तर पर्यायाचे घर आपण स्वतः बोट ठेवून दाखवावे.

निरोपच जावयाचा असल्यामुळे त्यातील प्रत्येक अक्षरास मोल आहे. युरोपातील खात्यास 'आयबान' नावाचा लांबलचक क्रमांक असतो. जर्मनीत तो २२ अक्षरांचा असतो. आरंभी देशाची दोन अक्षरे, मग पडताळ्याचे दोन अंक, पुढे बँकेचे आठ आणि खात्याचे दहा. पडताळ्याची युक्ती मोठी मौजेची आहे. पहिली चार अक्षरे उचलून शेवटी ठेवावी, इंग्रजी अक्षरांच्या जागी ठरलेले अंक लिहावे, आणि जी संख्या होईल तीस ९७ ने भागावे. बाकी १ उरली तर क्रमांक शुद्ध. एखादा अंक चुकला की बाकी बदलते आणि यंत्र तो क्रमांक घेतच नाही. बाकीच्या या अंकगणितास शास्त्राचे रूप गाउसने १८०१ च्या त्याच ग्रंथात दिले. पुतणीने वेधशाळेसमोरच्या बाकावर बसून आम्हांस हा भागाकार करून दाखवला तेव्हा या विद्वानाची आमच्याशी घरोब्याची ओळख झाल्यासारखे वाटले.

मात्र क्रमांक शुद्ध असून भलत्याचाच असेल तर हा पडताळा काही करू शकत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून युरो चालणाऱ्या देशांतील बँकांस, आपसांतल्या युरोच्या पाठवणीत नाव आणि क्रमांक जुळतात की नाही हे पाठवणाऱ्यास आधी सांगावे लागते. भारतातून जाणाऱ्या रकमेस ही सोय नाही. तेथे आपणच डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. आणि आपल्या नावांचा घोटाळा तर सर्वश्रुत आहे. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग स्वतःचे, मग वडिलांचे. पारपत्रावर आडनाव निराळ्या रकान्यात. बँकेत एखाद्या कारकुनाने वडिलांच्या नावाचे केवळ आद्याक्षर टाकलेले. तेथील बँकेस हे तीन निरनिराळे इसम वाटतात. परदेशाशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कागदावर पारपत्रावरचेच नाव, त्याच क्रमाने आणि त्याच वर्णांनी लिहावे.

आता भावाविषयी. "आम्ही दलाली घेत नाही" असे एखादी पेढी सांगते तेव्हा ती खोटे बोलत नाही, पण तिची कमाई भावात असते. बाजारातील भाव आणि तिचा भाव यांत युरोमागे एकच रुपया अंतर असले, तरी बंद खात्याच्या रकमेवर ते ११,९०४ रुपये होते. दोन-तीन ठिकाणी एकाच दिवशी, एकाच वेळी भाव विचारावा. सकाळचा एकाचा आणि संध्याकाळचा दुसऱ्याचा ताडून काही कळत नाही. आम्ही तेथे होतो तेव्हा युरो नव्वदीच्या आसपास होता, आणि पुढे २०२५ साली त्याने शंभरी ओलांडली. युरोमागे दहा रुपये वाढले की वर्षाच्या त्याच निर्वाहास १,१९,०४० रुपये अधिक पडतात, मुलाने तेथे एक पाव अधिक न खाता.

हा चटका आपल्या लोकांस नवा नाही. १९२० साली सरकारने रुपयाचा भाव २ शिलिंग ठरवला, म्हणजे पौंडास १० रुपये. पण तो टिकला नाही, आणि थोड्याच काळात बाजारात तो १ शिलिंग ४ पेन्सांच्याही खाली घसरला. विलायतेत मुलास महिना २० पौंड पाठवणाऱ्या बापास आधी २०० रुपये लागत, ते ३०० च्या वर गेले. १९२७ साली कायद्याने १ शिलिंग ६ पेन्स हा भाव ठरला. पौंडास १३ रुपये ५ आणे ४ पै. याच उलथापालथीच्या दिवसांत लंडनमध्ये शिकत असलेल्या डॉ. आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला आणि तो १९२३ साली प्रसिद्ध झाला. उद्याचा भाव कोणास कळत नाही. म्हणून वर्षाचे पैसे एकदम न पाठवता तीन-चार हप्त्यांत पाठवावे, असे आमचे मत आहे. बंद खात्यास अर्थातच हे लागू नाही.

एकत्र कुटुंबांस एक गोष्ट मुद्दाम सांगावयाची आहे. परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची जी उदार योजना आहे ती २००४ च्या फेब्रुवारीत २५,००० डॉलरांच्या मर्यादेने सुरू झाली; ही मर्यादा आता आर्थिक वर्षास माणशी २,५०,००० डॉलर आहे. पण ही सवलत निवासी व्यक्तीस आहे, हिंदू अविभक्त कुटुंबास नाही. ज्या घरांत कुटुंबाचे असे निराळे खाते आहे तेथे थोरले काका सहजपणे "त्यातूनच पाठवू" असे म्हणतात, आणि बँकेत गेल्यावर नकार ऐकावा लागतो. घरात पैसा सर्वांचा असला तरी बँकेस एक नाव आणि त्या नावाचा पॅन लागतो. वडील, आई, काका यांपैकी ज्याने पाठवावयाचे त्याच्या स्वतःच्या खात्यात रक्कम आधी असावी, आणि ती कोणी कोणास का दिली याचा कागद घरात असावा. बाहेरच्यापेक्षा पुढे घरातल्यांसाठीच तो कागद उपयोगी पडतो.

पाठवताना कापल्या जाणाऱ्या कराविषयीही गैरसमज फार आहेत. २०२० च्या ऑक्टोबरपासून वर्षात ७ लाखांवर पाठवलेल्या रकमेवर बँक कर वसूल करू लागली. २०२५ च्या एप्रिलपासून ही मर्यादा १० लाख झाली, आणि मान्य संस्थेच्या शिक्षणकर्जातून जाणाऱ्या रकमेस हा कर राहिला नाही. कर मर्यादेवरील भागापुरताच असतो, आणि तो बुडत नाही. पाठवणाऱ्याच्या प्राप्तिकरात वळता होतो किंवा परत मिळतो. म्हणून ज्याचे उत्पन्न कराच्या कक्षेत आहे त्याच्या नावाने पाठवणे सोयीचे. दराचा आकडा अंदाजपत्रकाबरोबर बदलत असल्यामुळे आम्ही येथे देत नाही.

मुलाच्या येथील खात्याचेही पाहावे. डिसेंबर २००३ पासून परदेशी शिकावयास गेलेला विद्यार्थी रिझर्व्ह बँकेच्या दृष्टीने अनिवासी ठरतो, आणि त्याचे साधे बचत खाते अनिवासी खात्यात पालटून घ्यावे लागते. शंभरांतील नव्वद घरांत हे राहून जाते, असा आमचा कयास आहे. दुसरे असे की, बँकेचा परवलीचा आकडा येथल्या मोबाइल क्रमांकावर येतो. तो क्रमांक भरणा न केल्याने बंद पडला की, खाते असून नसल्यासारखे होते. महिन्याचे थोडे पैसे वाचवण्यासाठी तो बंद करू नये.

गॉटिंगेनमधला रोजचा व्यवहार सरळ आहे. घरभाडे महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पोहोचले पाहिजे, असा तेथील कायदाच आहे. विमा, वीज, दूरध्वनी यांचे पैसे ज्याचे त्याने खात्यातून परस्पर ओढून घ्यावे अशी संमती लिहून देतात. न पटलेली रक्कम आठ आठवड्यांच्या आत परत मागता येते. नभोवाणीची वर्गणी घरटी महिना १८.३६ युरो असते, माणशी नसते, हे ठाऊक नसल्याने एकाच बिऱ्हाडातील तीन मुले ती निरनिराळी भरीत बसतात. जर्मन मनुष्य अजूनही रोकड बाळगतो. शनिवारच्या बाजारात सफरचंदे विकणाऱ्या बाईने पुतणीचे कार्ड पाहून अशी मान हलवली की, आम्हांस तुळशीबागेची आठवण झाली.

त्या दिवाळीत एके सायंकाळी पुतणीच्या वसतिगृहातील सामाईक स्वयंपाकघरात आम्ही पोहे केले होते. तेथे दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा आला; कोल्हापूरकडचा, अभ्यासात हुशार, खाण्यावर लक्ष नसलेला. त्याचे बंद खाते पहिल्या वर्षाबरोबर संपले होते. एका गोदामात तो काम करी, ते ऑगस्टात सुटले. घरी त्याने सांगितले नाही. मित्रांकडून उसने घेत दोन महिने काढले. आता घरून आलेले पैसे दिवाळीच्या सुट्या आणि शनिवार-रविवार यांत कोठे तरी अडकले होते, भाड्याची तारीख आली होती, आणि राहण्याच्या परवान्याचे नूतनीकरण तोंडावर आले होते, त्यास खात्यात पैसे दिसणे अवश्य होते. एका ओळखीच्याने तोड सुचवली होती. "मी तुला येथे सहाशे युरो देतो, तुझ्या वडिलांनी तिकडे माझ्या भावाच्या खात्यात रुपये घालावे. बँकेपेक्षा भाव चांगला, आणि पाच मिनिटांचे काम." असे करावे काय, हे विचारावयास तो आला होता.

असली अदलाबदल मुलांत सर्रास चालते आणि कोणास ती गैर वाटत नाही. दोघेही मित्र, दोघांचीही सोय. पण परकीय चलनाचा व्यवहार अधिकृत व्यापाऱ्यामार्फतच व्हावा, असा १९९९ चा कायदा आहे, आणि त्याचा भंग झाल्यास रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. तो दंड कोल्हापुरातल्या वडिलांवर येतो. शिवाय समोरच्याचे युरो कोठून आले हे कोण सांगणार? परक्याचे पैसे आपल्या खात्यात घेऊन पुढे धाडण्यास कमिशन देऊ करणाऱ्या जाहिराती तेथील मुलांस येतात. ते पैसे फसवणुकीचे निघाले की पोलीस खातेदारास धरतात, खाते गोठते, आणि परदेशी मुलाच्या बाबतीत परवान्यावरही गंडांतर येते. हे सर्व आम्ही त्यास सांगितले. तो मान खाली घालून ऐकत होता; पण त्याची अडचण कायद्याची नव्हतीच. आमच्या मंडळींनी पोह्यांची बशी त्याच्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "अरे, ते सगळं राहू दे. काम सुटलं हे आधी घरी सांग. फोन आत्ता लाव."

तिकडे रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. फोन वडिलांनीच घेतला. मुलगा एका दमात सर्व बोलून गेला. पलीकडून बराच वेळ काही आले नाही. मग वडिलांनी विचारले, "उसने किती झाले?" आकडा सांगितल्यावर ते म्हणाले, "नावानिशी लिहून पाठव." घरमालकास आठवडाभर थांबण्याविषयी पत्र कसे लिहावे हे पुतणीने त्यास सांगितले, मालक थांबला. अडकलेली रक्कम पाचव्या दिवशी जमा झाली.

पुढे त्या मुलास विद्यापीठाच्याच एका प्रयोगशाळेत आठवड्यास दहा तासांचे काम मिळाले. परदेशी विद्यार्थ्यास तेथे वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते, आणि किमान वेतन २०२६ च्या जानेवारीपासून ताशी १३.९० युरो झाले आहे. म्हणजे दहा तासांचे आठवड्यास १३९. एवढ्यात भाडे व किराणा कसाबसा निघतो, विमा निघत नाही. घरच्या पैशावाचून शिक्षण पार पडेल या भरवशावर कोणी मुलास पाठवू नये.

वडिलांनी एकच अट घातली. दर महिनाअखेर जमाखर्चाचे पान आले पाहिजे. मुलगा वही घालतो आणि तिचे छायाचित्र पाठवतो. पहिल्या पानावर भाडे, विमा, तांदूळ, डाळ, दोन मित्रांचे फेडलेले पैसे, आणि सायकलचे कुलूप, ३८ युरो, असे होते. पान सविस्तर वाचून वडिलांनी उलट विचारले की, एवढ्या पैशांत येथे सायकल येते, तर कुलूप कसले घेतलेस? मुलाने कळवले की, सायकल जुनी, चाळीस युरोंची आहे. पण याआधीची एक गावातूनच चोरीस गेली, ती त्याने तेव्हा कळवली नव्हती.